कॅल्शियम कमी, पण कशामुळे?

"डॉक्टर, घरी दोन म्हशी आहेत, आई रोज पेलाभर दूध पिते. मग तिचं कॅल्शियम कमी कसं?" रुग्णालयात दाखल असलेल्या आजींच्या मुलाने रिपोर्ट पुढे धरला. गंगावेशीत उभे राहून धारोष्ण दूध पिणाऱ्या कोल्हापूरकरांना हा प्रश्न पडणे साहजिकच आहे.

शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते. रक्तात ते १०० मिलिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम इतकेच असते. पण स्नायू, मज्जातंतू आणि हृदय यांचे काम त्यावर चालते. दुधातले कॅल्शियम आतड्यातून शोषले जाण्यास 'ड' जीवनसत्त्व लागते आणि ते जीवनसत्त्व कार्यक्षम करण्याचे काम मूत्रपिंडे करतात. या आजींचे क्रिएटिनिन वाढलेले निघाले. जुन्या मधुमेहाने मूत्रपिंडे थकली होती. घरच्यांनी मात्र महिनाभर दुकानातून आणून कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या!

रुग्णालयातील रुग्णांत कारणे अनेक असतात. दीर्घ आजारात रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन घटते. बरेचसे कॅल्शियम त्याला चिकटलेले असल्याने रिपोर्टमधला आकडा कमी दिसतो, पण उपयोगी पडणारे मोकळे कॅल्शियम पुरेसे असू शकते. म्हणून अल्ब्युमिन पाहावे, शंका असल्यास आयोनाइज्ड कॅल्शियम तपासावे. खरी कमतरता 'ड' जीवनसत्त्वाच्या अभावाने, मॅग्नेशियम घटल्याने, स्वादुपिंडाच्या सुजेने किंवा रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाने येते. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथींना इजा झाल्यास पहिल्या काही दिवसांतच कॅल्शियम उतरते.

व्यालेली म्हैस खाली बसली की पशुवैद्य शिरेतून कॅल्शियम देतात आणि ती उठते, हे शेतकऱ्यांनी पाहिलेले असते. त्यामुळे 'आम्हालाही एक सुई मारा' असा आग्रह होतो. माणसातही ते कधी जीव वाचवते. पण घाईने दिल्यास हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ते रुग्णालयातच, देखरेखीखाली द्यावे.

ओठांभोवती वा बोटांना मुंग्या येणे, हात आखडणे, झटके येणे, छातीत धडधडणे ही लक्षणे दिसताच डॉक्टरांना गाठा. आणि रिपोर्टमध्ये कॅल्शियम कमी आले, तर 'कोणती गोळी घेऊ?' याआधी 'कशामुळे कमी झाले?' हे विचारा. आजींच्या बाबतीत हा प्रश्न महिनाभर आधी विचारला गेला असता, तर मूत्रपिंडांवरचे उपचार तेवढे आधी सुरू झाले असते.