कावीळ, मद्य आणि मौन

कावीळ झाली की आपल्या समाजात निकाल लवकर लागतो. गृहस्थ पिणारा असेल तर "दारूने यकृत गेले". नसेल तर "बाहेरचे पाणी बाधले". निकाल लागला की चौकशी थांबते, आणि धोका आहे तो येथेच.

अतिमद्यपानाने यकृतात प्रथम चरबी साठते, मग दाह होतो व शेवटी यकृत कठीण होऊन सिऱ्हॉसिस जडतो. हिपॅटायटिस 'बी' व 'सी' यांचे विषाणूही वर्षानुवर्षे लक्षण न दाखविता यकृताची हीच गत करू शकतात. मद्य आणि विषाणू एकाच देहात एकत्र आले म्हणजे नाश अधिक वेगाने होतो.

'सी'चा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. कॅनडात दात्यांच्या रक्ताची त्यासाठी तपासणी १९९० साली सुरू झाली. भारतात ती सक्तीची झाली या शतकाच्या आरंभी. तत्पूर्वी ज्यांनी रक्त घेतले, किंवा नीट न उकळलेल्या सुयांनी इंजेक्शने घेतली, त्यांच्या देहात हा विषाणू मुक्काम करून असू शकेल. कॅनडात येताना होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत 'बी' व 'सी'ची चाचणी नित्याची नसते. म्हणून मार्कहॅममधील आपल्या कुटुंबांनी डॉक्टरांकडे या दोन्ही चाचण्या नाव घेऊन मागाव्यात. यकृताची नेहमीची रक्ततपासणी विषाणू दाखवीत नाही.

भय बाळगण्याचे कारण नाही. 'सी' आता आठ ते बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातील पंचाण्णवांहून अधिक रुग्णांत बरा होतो. 'बी' औषधांनी ताब्यात राहतो. त्याची लसही आहे, व ऑन्टॅरिओत ती सातवीच्या मुलांना शाळेत दिली जाते. 'सी'ला मात्र लस नाही.

मद्याविषयी कॅनडातील २०२३ सालचे मार्गदर्शन आठवड्याला दोन पेयांपर्यंतच धोका अल्प मानते. यकृत बिघडलेल्याने तर थेंबही घेऊ नये. किद्दुशला काळ्या मनुकांचे सरबत घेण्याची आपली जुनी चाल आहेच. तिने कोणाचाही शब्बाथ उणा झाला नाही. मात्र रोज पुष्कळ पिणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून एकाएकी सोडू नये. त्यातही जिवाला धोका असतो.

घरातील कोणी पीत असेल, तर किती ते डॉक्टरांना खरे सांगावे, लाजेपोटी निम्मे करून नव्हे. आणि पिणारा आहे म्हणून त्याची विषाणूची चाचणी टाळू नये. दोषी कोण हे ठरविण्याआधी दुखणे कोणते हे पाहावे, एवढीच आमची विनंती.