सार्वमताआधी मतदाराला काय काय ठाऊक असतं?

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनमधल्या मतदाराच्या हातात पडलेल्या मतपत्रिकेवर एकच प्रश्न होता: युनायटेड किंगडमने युरोपीय संघाचा सदस्य राहावं की संघ सोडावा? खाली दोन चौकोन, त्यांपैकी एकात फुली मारायची. संघ सोडला तर व्यापार कोणत्या नियमांनी चालेल, उत्तर आयर्लंडच्या सीमेवर काय होईल, देशात राहणाऱ्या लाखो युरोपीय नागरिकांचं काय, यातलं काहीही त्या कागदावर नव्हतं. ७२.२ टक्के मतदान झालं आणि ५१.९ टक्के मतं 'सोडावा' या बाजूला पडली.

निकालानंतर काही तासांतच जगभर बातमी पसरली की ब्रिटिश लोक आता गुगलवर 'युरोपीय संघ म्हणजे काय?' असं शोधत आहेत. मतदार अडाणी होता, असा निष्कर्ष अनेकांनी लगेच काढला. पण गुगलचा तो आलेख एखाद्या प्रश्नाचा शोध आधीच्या तुलनेत किती वाढला एवढंच दाखवतो. विचारणारे किती होते आणि त्यांनी मत दिलं होतं का, हे त्यातून कळत नाही. त्याच्या आधारे १ कोटी ७४ लाख माणसांना मूर्ख ठरवणं अन्यायाचं आहे.

त्यापेक्षा मतदानाच्या दोन आठवडे आधी आलेली इप्सॉस मोरी या संस्थेची पाहणी बरंच काही सांगते. ब्रिटनच्या लोकसंख्येत इतर युरोपीय देशांतून आलेले लोक किती, असं विचारल्यावर लोकांचा सरासरी अंदाज होता १५ टक्के. खरा आकडा ५ टक्क्यांच्या आसपास. स्थलांतर हा त्या प्रचारातला सर्वात तापलेला मुद्दा, आणि त्याच मुद्द्यावर लोकांच्या मनातलं चित्र प्रत्यक्षाच्या तिप्पट होतं.

ही चूक माहिती न मिळाल्यामुळे झाली असं मात्र म्हणता येत नाही. सरकारने ९३ लाख पौंड खर्चून २ कोटी ७० लाख घरांत पत्रक पाठवलं होतं. अडचण अशी की ते पत्रकच एका बाजूचं होतं. संघात राहावं ही सरकारची भूमिका त्यात उघड मांडलेली होती. समोरच्या बाजूची लाल बस गावोगाव फिरत होती: आपण युरोपीय संघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड देतो, ते आपल्या आरोग्यसेवेला देऊया. ब्रिटनला मिळणारी सूट पैसे पाठवण्याआधीच वजा होत असे, त्यामुळे २०१५मध्ये प्रत्यक्ष जाणारी रक्कम आठवड्याला सुमारे २५ कोटी होती. त्यातलेही काही पैसे शेती आणि मागास भागांसाठी परत येत. देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाचे प्रमुख अँड्र्यू डिलनॉट यांनी हा आकडा दिशाभूल करणारा आहे असं मतदानाआधीच जाहीरपणे सांगितलं. बसवरची अक्षरं तशीच राहिली. 'राहा' म्हणणारेही धुतल्या तांदळासारखे नव्हते. २०३०पर्यंत प्रत्येक कुटुंबाचं वर्षाला ४,३०० पौंडांचं नुकसान होईल, हा अर्थखात्याचा दावाही संसदेच्या समितीने फटकारला होता.

गंमत नव्हे, खेदाची गोष्ट म्हणजे ज्यांच्यावर या निर्णयाचा सर्वात थेट परिणाम होणार होता त्यांतल्या अनेकांना मतच नव्हतं. पुण्या-मुंबईहून लंडनला नोकरीसाठी गेलेला भारतीय राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून मत देऊ शकत होता. स्विंडनमध्ये पोर्तुगीज पासपोर्टवर राहणारा गोवेकर मात्र युरोपीय नागरिक म्हणून बाहेर राहिला.

मतदाराला माहिती देण्याचं काम ब्रिटनला अधिक चांगलं करता आलं असतं, आणि त्याचा दाखला त्याच्याच इतिहासात आहे. १९७५मध्ये याच विषयावर सार्वमत झालं, तेव्हा प्रत्येक घरात तीन पुस्तिका गेल्या: एक सरकारची, एक 'हो' म्हणणाऱ्यांची, एक 'नाही' म्हणणाऱ्यांची. तिन्ही समोर ठेवून वाचता येत होत्या. तेव्हा ६७ टक्के लोकांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला.

मतदाराला आधी नीट समजावून सांगावं लागतं, हा धडा शेजारच्या आयर्लंडला ठेच लागून मिळाला. तिथे युरोपीय करारांसाठी घटनादुरुस्ती करायची तर सार्वमत घ्यावंच लागतं. जून २००८मध्ये लिस्बन करार मतदारांपुढे आला. करार म्हणजे आधीच्या करारांतल्या कलमांमध्ये केलेल्या दुरुस्त्यांचं जंजाळ. तो सलग वाचून अर्थ लागणं वकिलालाही कठीण. युरोपीय आयोगातले आयर्लंडचे आयुक्त चार्ली मॅक्रीव्ही यांनी तो आपण पूर्ण वाचलेला नाही अशी कबुली दिली, आणि पंतप्रधान ब्रायन कॉवेन यांचीही गत तीच. विरोधकांची घोषणा सोपी होती: कळत नसेल तर 'नाही' म्हणा. ५३.४ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. नंतरच्या पाहणीत 'नाही' म्हणणाऱ्यांनी सर्वात जास्त वेळा दिलेलं कारण होतं, करार पुरेसा माहीत नव्हता. न समजलेल्या कागदावर सही न करणारा मतदार शहाणाच म्हणायला हवा.

पुढच्या सव्वा वर्षात आयर्लंडने करसंबंधी अधिकार, लष्करी तटस्थता आणि गर्भपाताचा कायदा या लोकांच्या नेमक्या शंकांवर इतर देशांकडून हमी मिळवली. न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र सार्वमत आयोगाने करारात काय आहे आणि काय नाही हे कोणाचीही बाजू न घेता समजावून दिलं. एका बाजूच्या प्रचारासाठी सरकारी पैसा वापरायला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्येच मनाई केलेली होती. ऑक्टोबर २००९मध्ये पुन्हा मतदान झालं आणि ६७ टक्के 'हो' आले. हवं ते उत्तर मिळेपर्यंत प्रश्न विचारत राहायचं, हा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि त्यात तथ्य आहे. तरी दुसऱ्या वेळी मतदाराला आपण कशावर मत देतोय हे जास्त स्पष्ट होतं.

आयर्लंडमध्ये सार्वमताचा विषय निःपक्षपणे समजावून देण्याचं काम २०२३पासून कायमस्वरूपी निवडणूक आयोगाकडे आहे. ब्रिटनचा निवडणूक आयोग मतदान कसं करायचं ते सांगतो आणि प्रचाराच्या खर्चावर नजर ठेवतो. प्रचारातला आकडा खरा की खोटा हे ठरवण्याचा अधिकार २०१६मध्ये त्याच्याकडे नव्हता, आणि राजकीय जाहिराती तर जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या कक्षेतच येत नाहीत.