मोटारसायकलीचे शॉकअप आणि त्याची जुळणी

छत्रपती संभाजीनगराहून अहिल्यानगरच्या दिशेने निघाले की थोड्याच अंतरावर वाळूजची औद्योगिक वसाहत लागते. बजाज ऑटोचा येथील कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या आसपास सुटे भाग करणाऱ्या उद्योगांची वस्ती वाढत गेली. दुचाकीचे पुढचे फोर्क व मागचे शॉकअप तयार करणारी एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही कंपनीही वाळूजचीच. ज्या वस्तूच्या निर्मितीवर या परिसरातील अनेक संसार चालतात, तिचे कार्य मात्र फार थोड्या दुचाकीस्वारांना ठाऊक असते. शॉकअप ‘कडक’ की ‘नरम’, एवढ्यावरच बहुधा चर्चा संपते.

ही उणीव शहरातील रस्त्यावर फारशी जाणवत नाही. ट्रॅकवर ती अंगाशी येते. ‘ट्रॅक डे’ नावाचा एक प्रकार हौशी तरुणांमध्ये प्रिय झाला आहे. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टै येथील ट्रॅक, अशा बंदिस्त मार्गावर शुल्क भरून मोटारसायकल चालवावयाची, असा तो दिवस. तो शर्यतीचा दिवस नव्हे. तेथे क्रमांक नाही की पारितोषिक नाही. समोरून वाहन येत नाही, गुरे आडवी येत नाहीत. तथापि तेथील वेग आणि वळणे अशी असतात की, रोजच्या वापरासाठी लावलेले शॉकअप अपुरे पडते. घरातील मुलगा अशा दिवसासाठी निघाला असता हेल्मेट व चामडी पोशाख यांच्या जोडीने शॉकअपचीही चौकशी व्हावयास हवी, ती याचकरिता.

शॉकअपचे काम कोणते, असे विचारल्यास ‘धक्के खाणे’ हे उत्तर ठरलेले. ते अर्धेच उत्तर होय. टायर सतत जमिनीला टेकलेला ठेवणे हे त्याचे मुख्य काम. ब्रेक लागणे, गाडी वळणे, वेग घेणे या तिन्ही गोष्टी टायरच्या तळहाताएवढ्या स्पर्शावर अवलंबून असतात. गाडी वळणात ४५ अंश कलली की तिच्यावरील भार सरळ उभ्या स्थितीच्या सुमारे १.४ पट होतो. गाडी व स्वार मिळून २२० किलो असतील, तर टायरांना ते ३१० किलोसारखे भासतात. अशा वेळी चाक क्षणभर जरी उचलले, तरी पकड सुटते आणि स्वार जमिनीवर येतो.

शॉकअपमध्ये दोन घटक असतात : स्प्रिंग आणि तेल. स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली उघड केला. जितका भार, तितके दबणे, हा त्याचा आशय. याच नियमाने एका सार्वत्रिक गैरसमजाचे निरसन होते. शॉकअपवरील कडी पान्याने फिरवून स्प्रिंगवर आगाऊ दाब देता येतो. त्याला ‘प्रीलोड’ म्हणतात. हा दाब वाढविला म्हणजे स्प्रिंग कडक होते, अशी समजूत आहे. वस्तुतः एकसारख्या वेटोळ्यांची जी स्प्रिंग किलोमागे १ मिलिमीटर दबते, ती कडी आवळल्यानंतरही किलोमागे १ मिलिमीटरच दबते. बदलते ती गाडीची बसण्याची उंची.

म्हणून आरंभ मोजमापापासून करावा. टायरमधील हवा थंड असताना तपासून घेतल्यावर, चाक अधांतरी धरून फोर्कची चकचकीत नळी किती उघडी दिसते ते मोजावे. मग स्वाराने पूर्ण पोशाखानिशी नेहमीच्या पवित्र्यात बसावे, दुसऱ्याने गाडी सावरावी आणि तिसऱ्याने पुन्हा माप घ्यावे. घर्षणामुळे फोर्क अडखळतो; यास्तव एकदा गाडी दाबून हलकेच वर येऊ द्यावी, एकदा उचलून हलकेच खाली बसू द्यावी आणि दोन्ही मापांची सरासरी धरावी. समजा, आधी १२५ आणि नंतर ८५ मिलिमीटर माप आले, तर गाडी ४० मिलिमीटर बसली. फोर्कची एकूण चाल १२० असेल, तर हा तिसरा हिस्सा झाला. रस्त्याला तो योग्य. ट्रॅककरिता ३० ते ३५ मिलिमीटर बरे. मागच्या बाजूसही हीच रीत.

यानंतर स्वार उतरवून एक पडताळा घ्यावा. स्वारासह माप बरोबर आले असूनही केवळ स्वतःच्या वजनाने गाडीची मागची बाजू मुळीच बसत नसेल, तर स्प्रिंग त्या स्वारासाठी नरम आहे. फार बसत असेल, तर कडक आहे. प्रथमदर्शनी हे उलटे वाटेल. परंतु नरम स्प्रिंगला उंची राखण्यासाठी भरमसाट आगाऊ दाब द्यावा लागतो, हे त्याचे कारण. अशा ठिकाणी कडी फिरवीत बसण्यात अर्थ नाही, स्प्रिंगच बदलावी.

दुसरा घटक तेलाचा. दबलेली स्प्रिंग उसळते; लहान छिद्रांतून रेटले जाणारे तेल त्या उसळीला आवर घालते. हा आवर कमी पडला तर गाडी वळणात डुलत राहते. तो फाजील झाला तर पुढचा उंचवटा येईपर्यंत शॉकअप पुरते उघडतच नाही आणि प्रत्येक धक्क्यागणिक अधिकाधिक दबत जाते. स्क्रू असल्यास तो हलक्या हाताने पूर्ण बंद करून, तेथून उघडताना ‘टिक्’ मोजावेत व वहीत लिहावेत. एका वेळी एकच बदल करावा. दोन केले तर गुण कशाचा आणि दोष कशाचा, हे कळेनासे होते. फोर्कच्या नळीवर प्लास्टिकची पट्टी बांधली, तर फोर्क कोठवर दबला हे फेऱ्यांनंतर दिसते. पट्टी तळाशी भिडली तर आधार कमी. बरीच चाल न वापरता राहिली तर तो जास्त.

साध्या मोटारसायकलीस बहुधा मागच्या कडीखेरीज काहीच फिरविता येत नाही. म्हणून निराश होण्याचे अथवा लगेच महागडे शॉकअप घेण्याचे कारण नाही. फोर्कमधील जुने तेल बदलणे, गळती पाहणे, हवेचा दाब राखणे आणि कडी योग्य खाचेत बसविणे एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. परत येताना मात्र वहीतील मूळ मापे पुन्हा लावावीत. ट्रॅकवर जी जुळणी टायरला जमिनीशी बांधून ठेवते, तीच खड्ड्यांच्या रस्त्यावर त्याला उडविते. आणि त्या रस्त्यावर समोरून वाहनेही येत असतात.