शीतसाखळी आणि संगणक : आफ्रिकेतील विद्यापीठांचा अनुभव

बालरोगशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने ‘क्वाशिऑरकर’ हा शब्द कधी ना कधी घोकलेला असतो. हा शब्द घानातील गा भाषेतला आहे. पाठचे भावंड जन्माला आल्यावर अंगावरचे दूध सुटलेल्या थोरल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा भावार्थ. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी तेव्हाच्या गोल्ड कोस्ट वसाहतीत या आजाराचे वर्णन १९३३ साली केले आणि १९३५ मध्ये ‘लॅन्सेट’मधून हे नाव वैद्यकविश्वापुढे ठेवले. युगांडातील मुलागो रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. डेनिस बर्किट यांनी मुलांच्या जबड्यातील अर्बुदावरील आपला निबंध १९५८ साली प्रसिद्ध केला. आज आपण त्याला ‘बर्किट लिंफोमा’ म्हणतो. मुलागो हे १९२२ साली स्थापन झालेल्या मॅकेरेरे विद्यापीठाचे अध्यापन रुग्णालय होय.

आपल्या पाठ्यपुस्तकांतील ही प्रकरणे आफ्रिकेतील मुलांच्या खाटांशेजारी लिहिली गेली. परंतु १९८० च्या दशकात त्या खंडातील अनेक देशांची अर्थव्यवस्था कोलमडली, परकीय चलनाची चणचण भासू लागली आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांत परदेशी नियतकालिके येणे एकामागून एक थांबले. ज्या आजाराला आफ्रिकेने नाव दिले, त्यावरील नवे संशोधन आफ्रिकेतीलच विद्यार्थ्याला वाचावयास मिळू नये, अशी ही विपरीत स्थिती होती. ती पालटण्याची आशा संगणकाने निर्माण केली. ती आशा कोठे फळाला आली आणि कोठे अडली, हे समजून घेण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

साखळीचा दृष्टान्त

आपल्या व्यवसायातील एक परिचित कल्पना येथे उपयोगी पडेल. लस कारखान्यात कितीही उत्तम बनली, तरी ती बालकापर्यंत सामर्थ्यानिशी पोचते ती शीतसाखळी अखंड राहिली तरच. विमानतळ, जिल्हा भांडार, प्राथमिक आरोग्य केंद्रातील शीतकपाट, परिचारिकेच्या खांद्यावरील पेटी, यांपैकी एक दुवा निखळला की बाकीचे सारे दुवे व्यर्थ ठरतात. शिवाय तुटलेल्या साखळीतून आलेली लस वरून पाहता चांगल्या लशीसारखीच दिसते.

विद्यापीठातील माहिती-तंत्रज्ञानाचेही असेच आहे. वीज, यंत्रे, बाहेरच्या जगाशी जोडणी, ती सांभाळणारी माणसे आणि वाचण्याजोगा मजकूर, असे हे पाच दुवे. समारंभपूर्वक संगणक भेट देता येतात आणि त्यांचे छायाचित्रही निघते. पण विजेचा दाब वरखाली होऊन वर्षभरात निम्मी यंत्रे बंद पडली, तर त्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही. क्षमता वाढवणे म्हणजे ही सबंध साखळी उभारणे होय. आफ्रिकेच्या गेल्या तीन दशकांच्या अनुभवाचे सार मला यात दिसते.

अवकाशातून समुद्रतळाकडे

जोडणीची कहाणी मोठी उद्बोधक आहे. दक्षिण आफ्रिकेतील ऱ्होड्स विद्यापीठाने १९९१ साली इंटरनेटशी थेट जोडणी मिळवली. इतर देशांना वेगळे मार्ग शोधावे लागले. प्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञ डॉ. बर्नार्ड लाउन यांनी स्थापन केलेल्या ‘सॅटेललाइफ’ या संस्थेने १९९० च्या दशकात पृथ्वीच्या जवळून फिरणाऱ्या एका छोट्या उपग्रहाचा टपाल्यासारखा उपयोग केला. उपग्रह डोक्यावरून जाताना निरोप उचलून घेई आणि दुसऱ्या केंद्रावरून जाताना तो उतरवीत असे. आफ्रिकेतील कित्येक डॉक्टरांनी पहिले ई-पत्र पाठविले ते अशा मार्गांनी.

पुढे विद्यापीठांनी भूस्थिर उपग्रहांचा आधार घेतला. हे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. तेथवर जाऊन येणारी जोडणी महाग तर असतेच, शिवाय प्रत्येक प्रश्नोत्तराला सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब होतो. या जोडणीच्या वाहनक्षमतेला, म्हणजे एका सेकंदात किती माहिती वाहून नेता येते त्या मापाला, ‘बँडविड्थ’ म्हणतात. साधे गणित पाहू. एक मेगाबाइटचा शोधनिबंध ५१२ किलोबिटच्या जोडणीवरून एकट्याने उतरवून घेतला तर सुमारे सोळा सेकंद लागतात. तीच जोडणी एका वेळी पन्नास जण वापरू लागले की प्रत्येकाला तेरा मिनिटांहून अधिक काळ थांबावे लागते. आणि विद्यापीठात विद्यार्थी असतात हजारो.

२००० च्या दशकाच्या मध्यास आफ्रिकेतील उच्च शिक्षण संस्थांच्या जोडणीची एक व्यापक पाहणी झाली. तिचा निष्कर्ष असा की, तेथील सरासरी विद्यापीठाची बँडविड्थ युरोपातील एखाद्या घरगुती जोडणीइतकी होती, तिच्यासाठी मोजावी लागणारी किंमत जगातील इतर विद्यापीठांच्या सुमारे पन्नास पट होती, आणि जी काही जोडणी होती तिच्या वापरावर देखरेखही ठेवली जात नव्हती. यातील शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विषाणूग्रस्त संगणक आणि चित्रपटांची उतरवणूक यांतच महागडी जोडणी संपून जात असे. एकदा मागविलेला मजकूर स्थानिक सर्व्हरवर साठवून ठेवणे, मोठ्या धारिका रात्री उतरवून घेणे, अभ्यासाच्या कामाला प्राधान्य देणे, हे उपाय स्वस्त होते. पण ते करणारा प्रशिक्षित माणूस हवा होता.

सुधारणा दोन अंगांनी झाली. एक म्हणजे विद्यापीठे एकत्र आली. अमेरिकेतील चार प्रतिष्ठानांनी २००० साली सुरू केलेल्या भागीदारीतून अनेक विद्यापीठांनी एकत्रितपणे घाऊक दराने बँडविड्थ विकत घेतली. केनियाच्या ‘केनेट’सारखी राष्ट्रीय शैक्षणिक जाळी उभी राहिली, आणि पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील अशा जाळ्यांनी मिळून ‘उबुंटुनेट अलायन्स’ स्थापन केली. त्यापूर्वी एकाच शहरातील दोन विद्यापीठांमधले पत्रसुद्धा उपग्रहामार्गे परखंडात जाऊन परत येई, शेजारच्या गल्लीतील वैद्यांना चिठ्ठी लंडनमार्गे धाडावी तसे.

दुसरे अंग म्हणजे समुद्रतळावरील केबल. पश्चिम किनाऱ्यावर ‘सॅट-३’ ही केबल २००२ च्या सुमारास कार्यान्वित झाली, तरी अनेक देशांत ती एकाच कंपनीच्या हाती राहिल्याने दर लवकर उतरले नाहीत. पूर्व किनाऱ्याला जुलै २००९ मध्ये ‘सीकॉम’ केबल मिळाली. तिचे एक टोक आपल्या मुंबईत आहे. पाठोपाठ आणखी केबल आल्या आणि दर झपाट्याने खाली आले. मात्र हा दुवाही अभंग नव्हे. २०२४ च्या फेब्रुवारीत तांबड्या समुद्रात आणि मार्चमध्ये आयव्हरी कोस्टच्या किनाऱ्याजवळ केबल तुटल्या, तेव्हा अनेक आफ्रिकी देशांचे दळणवळण विस्कळीत झाले.

वाचायचे काय?

नळ आला, पण त्यातून पाणी कोणते येणार, हा पुढचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या प्रकाशकांच्या सहकार्याने जानेवारी २००२ मध्ये ‘हिनारी’ योजना सुरू केली. गरीब देशांतील वैद्यकीय संस्थांना सुमारे १,५०० नियतकालिके विनामूल्य अथवा अल्प दरात संगणकावर वाचता येऊ लागली. ही संख्या पुढे कितीतरी पटींनी वाढली. देशाच्या दरडोई उत्पन्नावर पात्रता ठरत असे. प्रकाशकांची बाजारपेठ असलेला आपला देश त्या यादीत नव्हता, हेही येथे नमूद करावयास हवे. त्या काळात आपल्याकडील लहान महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थी एका निबंधासाठी किती ठिकाणी पत्रे पाठवीत, हे आपल्या पिढीला ठाऊक आहे.

जेथे जोडणीच तुटपुंजी, तेथे दुसरी युक्ती निघाली. ‘ईग्रॅनरी’, म्हणजे ज्ञानाची कणगी, या प्रकल्पात अनेक संकेतस्थळांची परवानगीने प्रत काढून ती एका मोठ्या हार्डडिस्कवर भरली गेली व विद्यापीठाच्या अंतर्गत जाळ्यावर उपलब्ध करून देण्यात आली. सुगीला धान्य भरून ठेवावे आणि वर्षभर खावे, तसा हा प्रकार. इंटरनेट बंद असले तरी विद्यार्थ्याचे वाचन अडत नाही.

उत्तर कोणी शोधायचे?

परंतु वाचणे ही क्षमतेची अर्धी बाजू झाली. २०१२ च्या सुमारास आफ्रिकेतील विद्यार्थ्यांसाठी योजलेल्या एका दूरस्थ सत्रात नवजात बालकांच्या काविळीवर बोलण्याचा योग मला आला. व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, आमच्याकडे दिवसातून कित्येक तास वीज नसते. तेव्हा प्रकाशोपचार कसा द्यावा?” माझ्यापाशी होते तेवढे उत्तर मी दिले. नेमके उत्तर २०१५ साली नायजेरियातील लागोस येथून आले. खिडक्यांना लावतात तशा पारदर्शक पटलांतून अतिनील व अवरक्त किरण गाळून घेतलेला सूर्यप्रकाश हा प्रचलित प्रकाशोपचाराइतकाच परिणामकारक ठरू शकतो, असे तेथील नवजात बालकांवरील पद्धतशीर चाचणीत दिसून आले.

त्याआधी, २०११ साली, केनिया, युगांडा व टांझानिया येथील ‘फीस्ट’ चाचणीने तर साऱ्या जगाला पुनर्विचार करावयास लावले. तीव्र ताप आणि क्षीण रक्ताभिसरण असलेल्या ३,१४१ बालकांचा हा अभ्यास. शिरेतून झपाट्याने द्रव दिलेल्या गटांत ४८ तासांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे १०.५ टक्के, तर तसा द्रव न दिलेल्या गटात ७.३ टक्के आढळले. अतिदक्षतेच्या सोयी असलेल्या देशांतील नियम त्या सोयी नसलेल्या रुग्णालयात जसाच्या तसा लावला, तर बालकाचा जीव जाऊ शकतो, हा धडा तेथील खाटांवरूनच मिळाला. अशा अभ्यासामागे नोंदींची शिस्त, माहितीची साठवण, सांख्यिकी विश्लेषण आणि दूरवरच्या सहकाऱ्यांशी सतत संपर्क लागतो. ही क्षमता विद्यापीठात रुजणे हेच या खटाटोपाचे खरे फलित आहे, असे मला वाटते.

भारताचा वाटा

राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी २००४ साली आफ्रिकी देश आणि भारत यांना उपग्रह व केबलने जोडण्याची कल्पना मांडली. जुलै २००७ मध्ये इथिओपियात तिचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला. त्यात आदिस अबाबा येथील ब्लॅक लायन रुग्णालय आपल्या हैदराबादेतील केअर रुग्णालयाशी जोडले गेले, ही आपणा सर्वांना अभिमान वाटावा अशी गोष्ट. फेब्रुवारी २००९ मध्ये ‘पॅन-आफ्रिकन ई-नेटवर्क’ या पूर्ण प्रकल्पाचे उद्घाटन झाले. त्याची मुदत संपल्यावर २०१९ मध्ये ‘ई-विद्याभारती’ व ‘ई-आरोग्यभारती’ या नावांनी पुढचा टप्पा सुरू झाला. आता खास उपग्रह-केंद्राऐवजी सामान्य इंटरनेटवरून अभ्यासक्रम देण्याची पद्धत आली. हा बदल योग्यच आहे. ज्या यंत्राची दुरुस्ती तेथल्या तेथे होत नाही, त्यावर शिक्षण फार काळ अवलंबून राहू नये.

दुरुस्तीचा विषय निघाला की माणसाचा विषय येतोच. विद्यापीठाने प्रशिक्षित केलेला संगणक-व्यवस्थापक दोन वर्षांत बँकेत अथवा दूरध्वनी कंपनीत जातो, कारण तेथे वेतन कितीतरी अधिक असते. मॅकेरेरे विद्यापीठाने स्वीडनच्या साहाय्याने केवळ यंत्रे घेतली नाहीत. धोरण आखले, माहिती-तंत्रज्ञान साहाय्यासाठी स्वतंत्र संचालनालय स्थापन केले आणि संगणकशास्त्राची विद्याशाखाही वाढविली. माणसे जातच राहणार असतील, तर नवी घडविण्याची सोय घरातच हवी, हा त्यामागील विचार. २०२० च्या महासाथीत आणखी एक उणीव दिसली. जोडणी विद्यापीठाच्या आवारात आणि विद्यार्थी आपापल्या गावी, अशी अवस्था झाली; मोबाइलवरील माहितीचा खर्च विद्यार्थ्यांना परवडेना. साखळीचा शेवटचा दुवा बालकाच्या दंडापाशी असतो, तसा येथे तो विद्यार्थ्याच्या हातापाशी असतो.

आपल्यासाठी काही सूचना

आपल्या मंडळातील अनेक सहकारी दूरस्थ व्याख्याने देतात, काही जण परदेशांतील वा आपल्याच जिल्ह्यांतील महाविद्यालयांना साहाय्य करतात. त्यांच्यासाठी या अनुभवातून चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. व्याख्यानाच्या धारिका लहान आकाराच्या करून आदल्या दिवशी पाठवाव्यात, म्हणजे चित्र थिजले तरी शिकणे थांबत नाही आणि धारिका विद्यार्थ्याजवळ राहते. यंत्र देताना त्याच्या वीजव्यवस्थेचा व पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च त्याच देणगीत धरावा. तो धरता येत नसेल, तर एक यंत्र कमी द्यावे. तंत्रज्ञाच्या प्रशिक्षणासाठी दिलेला पैसा डॉक्टरच्या प्रशिक्षणाइतकाच मोलाचा मानावा. आणि व्याख्यानातील निम्मा वेळ श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी ठेवावा.

आपण पाठविलेला संगणक चालू आहे काय, असे तेथील प्राध्यापकांना वर्षाने विचारण्याची पद्धत आहे. त्यापेक्षा, मागील महिन्यात तो बंद पडला तेव्हा कोणी दुरुस्त केला, असे विचारावे. उत्तरात तेथीलच एखाद्या माणसाचे नाव आले, तर साखळी शाबूत आहे असे समजण्यास हरकत नाही.