धानबांधीतील पक्षी : रिसाली परिसरातील ऋतुनिहाय छायाचित्रण

भिलाईला लागून असलेल्या रिसालीची ओळख पोलाद कारखान्याच्या वसाहतींमुळे आहे. पक्षिनिरीक्षकांच्या तोंडी तिचे नाव क्वचितच येते. तथापि मरोदा जलाशय येथून जवळ आहे आणि वस्तीची कड ओलांडली की दुर्ग जिल्ह्याच्या धानबांध्या सुरू होतात. बांधी, धुऱ्यावरची बाभूळ, तलाव आणि विजेच्या तारा एवढ्या सामग्रीवर वर्षभराचे छायाचित्रण सहज होऊ शकते. येथील पीकक्रम गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्याशी मिळताजुळता असल्याने पुढील विवेचन पूर्व विदर्भातील विस्तार कार्यकर्त्यांनाही उपयोगी पडावे.

छायाचित्रणाकडे छंद म्हणून पाहण्यास हरकत नाही. परंतु शेतीच्या दृष्टीने त्याचा खरा उपयोग पुराव्याचा आहे. ‘पाखरे धान खातात’ ही तक्रार प्रत्येक गावात ऐकू येते. कोणते पाखरू, पिकाच्या कोणत्या अवस्थेत आणि नेमके काय खाते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. चोचीत काय आहे हे दाखवणारे एक स्पष्ट छायाचित्र या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देऊ शकते. मोबाइल किंवा कॅमेरा त्यावर दिनांक आणि वेळ आपोआप नोंदवतो, हा वेगळा लाभ.

पावसाळा हा या कामाचा सर्वांत संपन्न काळ आहे. छत्तीसगढमध्ये फोकून पेरलेल्या धानात साधारण महिनाभराने, पाणी साचलेले असताना नांगर फिरवतात. यास बियासी म्हणतात. नांगरामागे गायबगळ्यांची रांग लागते. विणीच्या हंगामात त्यांच्या डोक्यावर व मानेवर नारिंगी पिसे येतात. चिखलातून उसळलेले कीटक आणि बेडूक ते टिपतात. धानाच्या रोपाशी त्यांना कर्तव्य नसते. येथे नवशिक्या छायाचित्रकाराची हमखास चूक होते. काळ्या चिखलावरचा पांढरा पक्षी कॅमेरा अधिक उजळ करतो आणि पिसांचा तपशील नाहीसा होतो. एक्स्पोजर पाऊण ते एक पायरी कमी ठेवावे. ढगाळ प्रकाशात आयएसओ 1600 च्या पुढे नेण्यास संकोच करू नये. थोडा खरखरीतपणा चालतो, हललेले चित्र ओळखीसाठी निरुपयोगी ठरते. बसलेल्या पक्ष्यास शटरचा वेग सेकंदाचा 1/500 पुरतो, उडणाऱ्यास 1/1600 किंवा अधिक लागतो.

याच दिवसांत उघड्या चोचीचा करकोचा बांधीत उतरतो. मिटलेल्या चोचीच्या दोन भागांत राहणारी फट छायाचित्रात स्पष्ट दिसते. पाण्यातील गोगलगायी हे त्याचे मुख्य खाद्य. भाताच्या बांधीतून त्याला हुसकावून लावणाऱ्या शेतकऱ्यास गोगलगाय धरलेल्या चोचीचे चित्र दाखवावे. तोंडी सांगण्यापेक्षा ते लवकर पटते.

सुगरणीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. नराचा पिवळा मुकुट आणि बाभळीवर लोंबणारी घरटी सर्वांनाच टिपावीशी वाटतात. प्रौढ सुगरण धान्य खाते, हे नाकारता येत नाही. पिलांना मात्र ती मोठ्या प्रमाणावर कीटक भरवते. लोंबी चिकाच्या अवस्थेत आली की मुनिया आणि सुगरण यांचे थवे दाणे पिळून खातात आणि तेथे नुकसान खरे असते. तेव्हा राखण करावी, चकाकणाऱ्या फिती लावाव्यात. जाळे लावून पक्षी पकडणे किंवा घरटी मोडणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार शिकारीच्या व्याख्येत येते, याची जाणीव शेतकरी बंधूंना अवश्य द्यावी.

धान कापल्यावर उतेरा पद्धतीने पेरलेली लाखोळी आणि जवस वर येते, आणि हिवाळी पाहुणे दाखल होतात. धोबी, गप्पीदास, आखूड उड्डाणे घेणारे चरचरे पक्षी आणि वरून घिरट्या घालणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी दिसू लागतात. जलाशयावर बदकांचे थवे उतरतात. हरभऱ्याच्या शेतात घाटे अळीसाठी हेक्टरी 50 पक्षिथांबे उभारण्याची शिफारस सर्वांना परिचित आहे. त्यांवर कोतवाल, वेडा राघू किंवा नीलपंख प्रत्यक्षात बसतो का, बसला तर अळी उचलतो का, हे आठवड्यातून एकदा एकाच जागेवरून टिपल्यास शिफारशीची परीक्षा आपल्याच शेतात होते. सकाळी धुके असल्यास थांबावे. ऊन वर येताच पक्षी थांब्यावर येऊन बसतात आणि प्रकाशही तिरपा, मऊ मिळतो. सूर्य पाठीशी असावा.

उन्हाळ्याविषयी थोडक्यात सांगता येईल. सकाळी नऊनंतर जमिनीवरून उठणारी उष्ण हवा दूरचे प्रत्येक चित्र थरथरते करते. महागडी लेन्सही येथे हतबल ठरते. फुललेल्या पळसावरील मैना आणि शिंजीर पहाटेच टिपावेत. नांगरलेल्या उघड्या जमिनीवर टिटवी अंडी घालते. ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली की आपण घरट्याजवळ आहोत असे समजून मागे फिरावे. अंडी तळपत्या उन्हात उघडी राहिल्यास काही मिनिटांतच धोका उत्पन्न होतो. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्यास बोलावणे आणि घुबडावर फ्लॅश मारणे कोणत्याही ऋतूत टाळावे.

गोंदियाच्या धानबांध्यांत घरटे करणाऱ्या सारसाच्या बाबतीत ही शिस्त अधिक कठोर असावी. हा पक्षी बहुधा दोनच अंडी घालतो आणि ती उबवण्यास महिनाभर लागतो. त्या काळात बांधीत शिरणारा छायाचित्रकार पिकाचेही नुकसान करतो. घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर देऊ नये. शेतमालकाची परवानगी घेऊन धुऱ्यावरूनच चित्र घ्यावे.

प्रत्येक चित्रासोबत पीक, त्याची अवस्था, अलीकडील फवारणी आणि पक्ष्याची कृती अशा चार गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. वही नसेल तर पुढच्या वर्षी चित्र सुंदर राहते, उपयोगी राहत नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या 2023 च्या अहवालात दीर्घकालीन कल तपासता आलेल्या 338 जातींपैकी 60 टक्के जाती घटल्याचे नमूद आहे, आणि तो अहवाल ई-बर्डवर सामान्य निरीक्षकांनी भरलेल्या नोंदींवर आधारलेला आहे. अशा नोंदींत शेतातून आलेली भर हवी आहे. फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटसाठी एका जागी किमान 15 मिनिटे थांबून दिसलेले पक्षी मोजावे लागतात. लाखोळीच्या धुऱ्यावर बसूनही ते करता येते.