विहीर उपसायला उतरताय? आधी आतल्या हवेचा विचार करा

रत्नागिरी : उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की गावोगाव विहिरींचा गाळ काढायला सुरुवात होते. पण बंद पडलेल्या विहिरीत पाला कुजून वायू साठतो. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, तो तळाशीच बसतो. भूमिगत कोळसा खाणीत पंख्याने सतत हवा खेळवतात, विहिरीत तशी सोय नसते.

एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातील वाकडी येथे शेणाच्या जुन्या विहिरीत पडलेलं मांजर वाचवताना एकामागून एक पाच जणांचा जीव गेला. कमरेला दोर बांधलेला सहावा वाचला.

कंदील सोडून बघण्यावर भरवसा ठेवू नका. काही विषारी वायूंत तो जळतच राहतो, शेणाच्या खड्ड्यात तर भडका उडू शकतो. डिझेल इंजिन आत उतरवू नका. कोणी बेशुद्ध पडला तर मागोमाग उतरू नका, ११२ ला फोन करा.