‘दणदण’ : पावलांचा एक शब्द

‘दणदण’ म्हणजे काय असे विचारले, तर जो तो पाय आपटून दाखवील. शब्द ध्वनीच्या अनुकरणातूनच झालेला आहे. परंतु पावलाच्या प्रत्येक आवाजाला तो चालत नाही. मूल दुडुदुडु धावते, म्हातारी तुरुतुरु चालते, रागावलेला माणूस ताडताड निघून जातो. ‘ताडताड’मध्ये वेग आणि राग आला, आवाज असेलच असे नाही. ‘दणदण’ला मात्र आवाज हवाच.

हा आवाज एकट्या पायाचा नसतो. खालच्या जागेनेही उत्तर द्यावे लागते. चाळीचा लाकडी जिना आपण दणदण चढतो. तेच पाऊल सारवलेल्या अंगणात पडले, तर फार तर धपधप वाजते. पोकळ फळी थरथरते, घट्ट माती आघात गिळून टाकते. म्हणूनच ‘दणाणणे’ हे क्रियापद पायाला न लागता जागेला लागते. जिना दणाणतो, रस्ता दणाणतो. दणका, दणदणीत हीही त्याच घरची भावंडे.

आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना या शब्दाचा मोठा लोभ. ‘मोर्चाने शहर दणाणून सोडले’ असे आम्ही पत्रकांतून नेहमी लिहितो. ‘दाणादाण’ हा शब्द कानाला त्याचा शेजारी वाटतो, पण त्याचा अर्थ अगदी उलटा, पांगापांग. पावले एकत्र पडली तर दणदण; फुटली तर दाणादाण.

तथापि आवाज म्हणजे बळ नव्हे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी, त्यांत पुष्कळ आदिवासी, पायी मुंबईस आले. ११ तारखेच्या रात्री ते सोमय्या मैदानात थांबले होते. सकाळी दहावीची परीक्षा होती. मुलांची वाट अडू नये म्हणून ते रात्रीच उठून आझाद मैदानाकडे निघाले. कित्येकांच्या तळव्यांची साले निघाली होती. दुसऱ्या दिवशी सरकारने बहुतेक मागण्या लेखी मान्य केल्या. त्यांच्या अंमलासाठी २०१९ आणि २०२३ मध्ये पुन्हा निघावे लागले, ही गोष्ट निराळी.

अशा रात्रीच्या वर्णनात ‘दणदण’ घालणे हा त्या सोललेल्या पायांवर अन्याय होय. तो शब्द जमीन खरोखर वाजली असेल तेथेच लिहावा, एवढेच आम्ही आमच्या पत्रकवाल्यांना सांगत असतो.